चातुर्मासात बघितलेले सिनेमे



चातुर्मासात स्वाध्याय करायचा सोडून सिनेमे काय बघत बसलीस, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. म्हणून आधीच कबूल करते. हो, बघितले. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली आणि आमचं इंदापूरचं घर माडीचं. त्यामुळे यंदा आम्ही दोघं बारामतीला मुलाकडे राहिलो. इथे लिफ्ट आहे, मंदिर जवळ आहे. सकाळी अभिषेक आणि पूजा झाली, दुपारी थोडं शास्त्र वाचलं की चार तास रिकामे. सूनबाईंनी टीव्हीवर सगळं लावून दिलं, रिमोट शिकवला आणि म्हणाल्या, "आई, मालिका बघण्यापेक्षा हे बघा."

मला सिनेमातलं काही कळत नाही. कॅमेरा कुठे ठेवलाय, एडिटिंग कसं आहे, हे माझ्या डोक्यावरून जातं. मला कळतं ते स्वयंपाकघर. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यातली निम्मी ओट्यापाशीच गेली असतील. तेव्हा मी जे लिहिते आहे ते ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईचं मत आहे, तेवढंच समजा.

सुरुवात जुन्यापासून करते, कारण थिएटरात जाऊन बघितलेला माझा शेवटचा सिनेमा तो. केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा'. 30 जून 2023 ला लागला आणि जुलैभर गावोगावच्या बायका नटूनथटून ग्रुपने जात होत्या, आठवतंय ना? आम्हीही इंदापूरहून दोन गाड्या करून बारामतीला आलो. निमगाव केतकी, जंक्शन, भवानीनगर, सगळ्या रस्त्याला गाणी. मंगळागौर काही आपल्याकडची नाही, पण झिम्मा-फुगडी कुणाला येत नाही?

सिनेमा आवडला. सहा बहिणी, एकमेकींपासून दुरावलेल्या, मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सगळ्याच जणी आपल्या ओळखीच्या वाटतात. आम्ही हसलो, रडलो. पण मला आज आठवतो तो सिनेमा नव्हे, इंटरव्हल. दिवे लागले तशा आमच्यातल्या बहुतेक जणींनी मनगटाकडे बघितलं. तीनचा शो, म्हणजे साडेपाचपर्यंत संपणार, मग इंदापूरला पोहोचायला तास-सव्वा तास, म्हणजे दिवस मावळायच्या आत घरच्यांची पानं वाढायला जेमतेम वेळ. एक जण तर शेवटची स्पर्धा न बघताच उठली, तिला फलटणच्या रस्त्याला जायचं होतं. पडद्यावर सांगत होते, बायांनो, थोडं स्वतःसाठी जगा. आणि आम्ही हिशेब करत होतो की भाजी चिरून ठेवली आहे, कणीक मात्र मळायची राहिली.

तेव्हा मला यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. उलट अभिमान वाटला होता, की आमच्या बायका नियमाच्या किती पक्क्या!

यंदा पहिला बघितला तो किरण राव यांचा 'लापता लेडीज'. 2024 चा आहे, भारतातर्फे ऑस्करलाही पाठवला होता. गोष्ट 2001 सालची. दोन नव्या नवऱ्या, दोघींचे पदर नाकापर्यंत, आणि आगगाडीतून उतरताना अदलाबदल होते. ऐकायला विनोदी वाटतं आणि आहेही विनोदी. आपली छाया कदम त्यात स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई झाली आहे. 'फँड्री', 'सैराट'मध्ये तिला बघितलं असेल. तिचं काम बघून उठावंसं वाटत नाही.

पण माझं लक्ष गेलं ते एका लहान प्रसंगाकडे. चुकून घरात आलेली जया जेवताना कमळकाकडीच्या भाजीचं कौतुक करते. (आमच्याकडे कमळकाकडी शिजत नाही, पण भाजी कुठली हा मुद्दा नाही.) तेव्हा त्या घरातली आई सांगते, की ती भाजी घरातल्या पुरुषांना आवडत नाही म्हणून तिने करणंच सोडून दिलं. बायकांच्या आवडीचा स्वयंपाक कुठे होतो? आणि पुढे कळतं की आपल्याला काय आवडतं हेच ती विसरून गेली आहे.

मी टीव्ही थांबवला आणि ह्यांना विचारलं, "मला काय आवडतं हो?" हे पेपर वाचत होते. जरा विचार करून म्हणाले, "तुला सगळंच आवडतं." मैत्रिणींनो, तुमच्या घरी विचारून बघा.

दुसरा 'नाच गं घुमा', परेश मोकाशींचा. हाही 2024 चा, 1 मेला लागला होता, कामगार दिनाला. मुक्ता बर्वे नोकरी करणारी मालकीण आणि 'हास्यजत्रे'तली नम्रता संभेराव तिच्याकडची आशाताई. आशाताईला उशीर होतो, मालकीण चिडून तिला काढून टाकते, आणि मग तिच्यावाचून घराचा गाडा कसा अडतो त्याची गंमत. थोडा लांबला आहे, शेवटी जरा गोडगोड होतो. पण एक गोष्ट बरी केली. नोकरी करणारी बाई सुटते ती दुसऱ्या एका बाईच्या जिवावर, हे हसतहसत सांगून टाकलं. आपण मुंगी चिरडू नये म्हणून झाडू मऊ वापरतो. पण तो झाडू हातात घेणारी बाई सकाळी काही खाऊन आली का, हे विचारतो का? मी विचारत नव्हते. आता विचारते. चहाबरोबर खाकरा देते, म्हणजे फार काही मोठं करते असं नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तो सिनेमा. 'मिसेस'. फेब्रुवारी 2025 मध्ये ओटीटीवर आला, आरती कडव यांनी केला आहे आणि सान्या मल्होत्रा आहे त्यात. मूळ सिनेमा मल्याळम, 'द ग्रेट इंडियन किचन', जियो बेबी यांचा, 2021 चा. मी दोन्ही बघितले. आधी हिंदी, मग राहवलं नाही म्हणून मूळचा, खालची अक्षरं वाचत वाचत.

गोष्ट एवढीशीच. नाच शिकलेली मुलगी लग्न होऊन चांगल्या, शिकलेल्या घरात येते. कुणी मारत नाही, कुणी शिव्या देत नाही. सासरे तर किती गोड बोलतात. फक्त चटणी मिक्सरची नको, पाट्यावरची हवी. कपडे मशीनमध्ये नको, हाताने धुतलेले बरे. फुलका तव्यावरून थेट पानात आला पाहिजे. पुरुष जेवतात, ती फुलके आणून वाढते, आणि तिची पाळी येते तेव्हा सगळं गार झालेलं असतं. सिंकचा पाइप गळतो आणि नवऱ्याला प्लंबरला बोलवायचं लक्षात राहत नाही.

मला विचाराल तर मल्याळम जास्त चांगला. त्यात नवरा-बायकोला नावंसुद्धा नाहीत. मागे संगीत जवळपास नाही. चिरण्याचा, फोडणीचा, भांडी घासण्याचा आवाज, परत परत, परत परत. हिंदीत तेच जरा नटवून, समजावून सांगितलं आहे. पण सान्याने काम मनापासून केलं आहे, आणि हिंदी असल्यामुळे आपल्या घरातल्या पुरुषांनाही दाखवता येईल, हा फायदा मोठा.

मल्याळम सिनेमात चार दिवसांचंही दाखवलं आहे. त्यावर आपल्यात मतं वेगवेगळी आहेत, मला वाद घालायचा नाही. एवढंच सांगते, माझ्या सासूबाई म्हणायच्या की महिन्यातले तेच चार दिवस त्यांना कुणीतरी गरम वाढायचं. सिनेमातल्या मुलीच्या वाट्याला तेही येत नाही, नुसता विटाळ येतो. विश्रांती द्यायची असेल तर मानाने द्यावी. अपमान कुठल्या शास्त्राने सांगितला?

तर 'मिसेस' मी एका रविवारी सूनबाईंबरोबर बघितला. बघताना माझं तोंड चालूच. "काय बाई सासरा आहे! मिक्सरमधली चटणी खाल्ली तर काय बिघडतं?" सूनबाई काही बोलल्या नाहीत. मध्येच उठून गेल्या आणि माझ्यासाठी उकळलेलं पाणी घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाणी गाळत होत्या. मी सहज म्हटलं, कालचा सिनेमा तुम्हाला कसा वाटला? त्या म्हणाल्या, "चांगला होता. मला गेल्या डिसेंबरची आठवण आली."

गेल्या डिसेंबरात ह्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही अडीच महिने इथेच होतो. थंडीत इथे सहाच्या सुमारासच दिवस मावळतो. आम्हा दोघांचं रात्रिभोजन त्यागाचं व्रत पंधरा वर्षांचं आहे. सूनबाईंचं ऑफिस सहाला सुटतं. त्या अष्टमी-चतुर्दशीला पाळतात, रोज त्यांना जमत नाही आणि आम्ही आग्रहही केला नाही. पण रोज पाच वाजता त्या घरी हजर असायच्या आणि साडेपाचला आमच्या पानात गरम फुलका पडायचा. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या सुनेला ऑफिसातून लवकर सोडतात.

ऑफिस लवकर सोडत नव्हतं, मैत्रिणींनो. त्यांनी साहेबांना सांगून दुपारची जेवणाची सुट्टी सोडली होती. त्या वेळात काम करायचं आणि संध्याकाळी तेवढं लवकर निघायचं. डबा तसाच परत यायचा. रात्री आठला सगळं आवरून झाल्यावर त्या तो गार डबा खायच्या, कारण अन्न टाकायचं नाही हेही मीच शिकवलेलं.

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाणी गाळता गाळता सांगितलं, गरणं पिळलं, जिवाणी नीट सोडली आणि ऑफिसला गेल्या. मी मात्र दिवसभर तिथेच बसून होते.

आपल्याकडे सांगतात, पाप तीन वाटांनी लागतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केलेल्याला मान दिलेली. कृत, कारित, अनुमोदना. हे आपण शंभर वेळा ऐकलं आहे. पण ते मी नेहमी हिंसेच्या मोठ्या गोष्टींना लावत आले. एका पोरीला अडीच महिने दुपारी उपाशी ठेवलं आणि त्यावर माझं व्रत पाळलं, याला काय म्हणायचं? व्रत माझं आणि भूक तिची. मग त्याचं पुण्य माझ्या खात्यात कसं जमा होणार?

आणि मला काही माहीत नव्हतं, हे तरी खरं का? डबा भरलेला परत येतो हे घासायला टाकताना कधी दिसलं नाही? दिसलं असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर गरम फुलका बंद झाला असता.

आपल्या नियमांचं पण बघा. पीठ पावसाळ्यात तीन दिवसांचं चालतं, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. गाळलेलं पाणी 48 मिनिटं, मग पुन्हा गाळा. रात्रीचं सकाळी नाही. मी हे नियम मानते आणि शेवटपर्यंत मानणार आहे. त्यामागे जीवदया आहे, जिभेवर ताबा आहे. पण प्रत्येक नियमामागे एक काम आहे आणि ते काम बहुतेक घरांत एकाच माणसाच्या अंगावर पडतं. त्यातही गंमत अशी, की शास्त्राने दिवसाउजेडी जेवा म्हटलं, गरमच जेवा असं कुठे म्हटलं? सकाळी केलेली पोळी संध्याकाळी खाल्ली असती तर माझं व्रत मोडणार नव्हतं. गरम फुलका ही माझी सवय होती. ती मी व्रताच्या पदराखाली लपवली होती. सिनेमातल्या सासऱ्यात आणि माझ्यात फरक एवढाच की त्याच्याकडे धर्माचं कारण नव्हतं.

यावरच एक शेवटचा सिनेमा सांगते. जुना आहे, आपल्याकडे 2013 मध्ये लागला होता, नातीने मोबाइलवर लावून दिला. आनंद गांधींचा 'शिप ऑफ थिसियस'. तीन गोष्टी आहेत, मधली एका साधूची, मैत्रेयची. पंथ काल्पनिक आहे, पण अनवाणी विहार, अहिंसा, बघताक्षणी आपलेच वाटतात. नीरज कबी या नटाने त्यासाठी वजन इतकं उतरवलं की बघवत नाही. प्राण्यांवर होणाऱ्या औषधांच्या प्रयोगांविरुद्ध तो कोर्टात उभा असतो, आणि त्यालाच यकृताचा आजार होतो. आता औषध घ्यायचं तर ते प्राण्यांवर तपासलेलंच असणार. काय करायचं? एक तरुण वकील मुलगा त्याच्याशी भांडतो, वाद घालतो, आणि साधू हसतहसत ऐकून घेतो.

2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने सल्लेखनेवर बंदी आणली, सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात स्थगिती दिली. तेव्हा आपण ठिकठिकाणी मौन मोर्चे काढले होते. त्या दिवसांत हा सिनेमा कुणी दाखवला असता तर मला राग आला असता, कारण तो साधूलाही संशयात टाकतो. आज नाही आला. शेवटी तो काय करतो ते सांगत नाही, बघा आणि आपसात बोला. इंग्रजी बरंच आहे, घरातल्या मुलांना जवळ घेऊन बसा. मला त्यात एकच दिसलं. तो स्वतःच्या नियमाची किंमत स्वतःच्या शरीराने देतो, आपल्यासाठी दुसऱ्या कुणाला उपाशी ठेवत नाही.

एक तक्रार मात्र सिनेमावाल्यांबद्दल आहे. 'मिसेस'सारख्या गोष्टींत बाईसमोर शेवटी दार उघडून निघून जाणं एवढंच उरतं. त्या दोघींपुढे दुसरा मार्ग नव्हता, हे मला पटतं. पण हजार घरं अशी आहेत जिथे कुणाला निघून जायचं नाही, फक्त कुणीतरी वेळेवर विचारायला हवं होतं. त्या घरांचा सिनेमा कुणी काढत नाही. स्वयंपाक हा तुरुंग आहे असंही मला वाटत नाही. मला आजही पुरणपोळी करायला आवडते. पण मला आवडतं म्हणून करणं वेगळं आणि घड्याळाने पळवलं म्हणून करणं वेगळं.

आमच्याकडे काय बदललं ते सांगून थांबते. संध्याकाळचं आमचं आम्ही बघतो. सकाळच्या पोळ्या असतात, साडेचारला हे मुगाची खिचडी लावतात. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांना कळलं की हिंग कुठल्या डब्यात असतो. पहिली दोन दिवस खिचडी खाली लागली, आम्ही खाल्ली. पाणी गाळायचं काम मुलाकडे आहे, तो विसरतो, मी आठवण करते. सूनबाई सव्वासहाला येतात. पहिल्या आठवड्यात त्या दारातूनच घाईघाईने "आई, काय करायचंय?" विचारायच्या. आता चप्पल काढून आधी बसतात.

सगळं सुटलं असं नाही. दशलक्षणात पाहुणे आले तेव्हा पुन्हा त्याच ओट्यापाशी होत्या आणि मी पानावर. सवय लवकर जात नाही.

पण क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्यांना हात जोडत होते, "कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा," तेव्हा सूनबाईंपाशी येऊन थांबले. दरवर्षी तेच वाक्य म्हणते. यंदा म्हटलं, "गेल्या डिसेंबरात तुम्ही दुपारी जेवत नव्हता. मला कळायला हवं होतं. त्याबद्दल क्षमा करा." त्या गडबडल्या. माझे हात खाली करत म्हणाल्या, "आई, असं नका म्हणू." मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून विचारलं, "आई, तुम्हाला खरंच काय आवडतं हो?"

मला पटकन सांगता आलं नाही. अजून आठवते आहे.

जय जिनेंद्र.